बरोक काळातील कोरीव व्यक्तिचित्रे आणि त्यांतील प्रतीके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरोक काळातील कोरीव व्यक्तिचित्र म्हणजे नेमके काय?

ढोबळमानाने सतराव्या शतकात आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अँटवर्प, पॅरिस, ॲमस्टरडॅम, लंडन अशा शहरांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली व्यक्तिचित्रे या नावाने ओळखली जातात. घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर ब्युरिन या टोकदार पोलादी हत्याराने रेषा खोदायच्या, त्या खाचांत शाई भरायची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद वर ठेवून तो दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा, ही एन्ग्रेव्हिंगची मूळ रीत आहे. एचिंगमध्ये मेणासारख्या लेपावर सुईने रेखाटन केले जाते आणि खोदण्याचे काम आम्ल करते. मेझोटिंट हे तिसरे तंत्र, ज्यात सगळा पत्रा आधी खरखरीत करून उजळ हवे ते भाग घासून काढतात, त्या मानाने उशिराचे असून लुडविग फॉन झीगेन याने १६४२ मध्ये हेस-कासेलच्या अमालिए एलिझाबेथ यांचे जे चित्र केले, त्याला या तंत्रातील पहिले चित्र मानले जाते.

रंगवलेले व्यक्तिचित्र एका घरातल्या एका भिंतीवर राहते आणि त्या घरात ज्यांना प्रवेश आहे त्यांनाच दिसते. कोरीव चित्राच्या शेकडो प्रती निघत. ती पुस्तकाच्या सुरुवातीला बांधली जात, मित्रांना व आश्रयदात्यांना भेट दिली जात, छापखान्याच्या दुकानात विकली जात. प्रतीकांविषयीचे पुढचे जवळपास प्रत्येक उत्तर या एका फरकाशी येऊन मिळते.

चेहरा ओळखू येत असताना प्रतीकांची गरज काय होती?

चेहरा ओळखू येत असे, हे आपण आजच्या सवयीने धरून चालतो. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेलेच नाही, त्याचा चेहरा कितीही हुबेहूब असला तरी पाहणाऱ्याला काही सांगत नाही. लायडनमधल्या विद्वानाचे चित्र प्रागमधल्या ग्राहकाच्या हाती पडले, तर हा कोण, त्याने काय केले, त्याला मान का द्यायचा, हे सारे त्या कागदानेच सांगायला हवे. ते काम नाव, वय, पद, कुलचिन्ह, हातातील वस्तू, चौकटीवरील आकृती आणि खालच्या ओळी मिळून करीत.

दुसरे कारण रंगांच्या अभावाचे आहे. तैलचित्रात जांभळा झगा किंवा तांबडी टोपी पाहताच पद कळते, पण काळ्या शाईत ही सोय नाही. कोरणाऱ्याला मग पोताकडे, वस्तूंकडे आणि अक्षरांकडे वळावे लागते.

ही प्रतीके कलावंत मनाने रचत असत काय?

क्वचितच. आंद्रेआ अल्चातो या इटालियन कायदेपंडिताचा प्रतीकचित्रांचा संग्रह १५३१ मध्ये आउग्सबुर्ग येथे छापला गेला; त्यात प्रत्येक चित्राला एक बोधवाक्य व खाली काही पद्यपंक्ती अशी रचना होती, आणि पुढच्या शतकभर युरोपात तिची असंख्य अनुकरणे झाली. चेझारे रीपा याचा ‘इकोनोलोजिया’ हा कोश १५९३ मध्ये रोममध्ये प्रथम निघाला तेव्हा त्यात चित्रे नव्हती. सचित्र आवृत्ती १६०३ मध्ये आली. न्याय, धैर्य, सत्य, कीर्ती अशा अमूर्त कल्पना माणसाच्या रूपात दाखवताना हातात काय द्यावे, पायाशी काय ठेवावे, हे त्यात वर्णानुक्रमे दिलेले आहे. १६४४ मध्ये त्याचा डच अनुवाद झाला आणि उत्तरेकडील कार्यशाळांतही तो हाताशी ठेवण्याचा ग्रंथ बनला.

तरीही रीपा उघडून चित्रातील एकेका वस्तूपुढे अर्थ लिहीत जाण्याची पद्धत मला फारशी पटत नाही. खांब म्हणजे धैर्य असे रीपा सांगतो हे खरे, पण बरोक व्यक्तिचित्रांतील निम्मे खांब पार्श्वभूमी भारदस्त दिसावी एवढ्यासाठीच उभे असतात. कोशातला अर्थ त्या चित्रात खरोखर जागा होतो की नाही, हे बाजूची अक्षरे, चौकट आणि चित्र छापण्याचे निमित्त यांवरूनच ठरते.

एखादे प्रतीकांनी भरलेले चित्र प्रत्यक्ष वाचून दाखवता येईल का?

त्यासाठी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे, विल्यम मार्शल याने कोरलेले मुखचित्र घेऊ. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि त्याच सुमारास ‘आयकॉन बॅसिलिके’, म्हणजे राजाची प्रतिमा, हे पुस्तक विक्रीला आले. राजाने कैदेत स्वतः केलेले चिंतन व प्रार्थना म्हणून ते वाचले गेले. वर्षभरात त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की मुखचित्राचा पत्रा पुन्हा पुन्हा नव्याने कोरावा लागला.

चित्रात राजा गुडघे टेकून बसला आहे. त्याच्याभोवती तीन मुकुट आहेत आणि सगळा युक्तिवाद त्या तिघांत आहे. पहिला रत्नजडित राजमुकुट जमिनीवर, त्याच्या पायाशी पडलेला असून त्यावर व्यर्थता या अर्थाचे ‘व्हानितास’ हे अक्षर आहे, आणि तो झळाळता पण जड असल्याचे शेजारी लिहिले आहे. दुसरा काटेरी मुकुट राजाने हाती धरला आहे. तो बोचरा पण हलका आहे आणि त्यावर ‘ग्रातिया’, म्हणजे कृपा, असे कोरले आहे. तिसरा ताऱ्यांचा मुकुट वर आकाशात आहे, राजाची नजर त्याच्याकडे लागली आहे आणि त्यावर ‘ग्लोरिया’, म्हणजे वैभव, असे लिहिले आहे. पाय, हात आणि डोळे या तीन अवयवांना तीन मुकुट वाटून दिले आहेत, म्हणजे शरीराची ठेवणच विधान बनली आहे. शिवाय पायाने जगाचा मुकुट तुडवतो, हाताने ख्रिस्ताचा धरतो, डोळ्यांनी स्वर्गाचा पाहतो, असे तीन छोटे लॅटिन तुकडेही जोडले आहेत, जेणेकरून कोणाची गल्लत होऊ नये.

डावीकडे खिडकीसारख्या मोकळ्या भागात निसर्गदृश्य आहे. तिथल्या ताडाच्या झाडाला वजने टांगलेली आहेत, आणि ओझ्याखाली सद्गुण वाढतो असे बोधवाक्य आहे. ताडावर भार टाकला तर तो वाकण्याऐवजी अधिक जोमाने वर उसळतो, अशी प्राचीन काळापासूनची समजूत त्यामागे आहे. पलीकडे खवळलेल्या समुद्रात एक खडक अविचल उभा आहे. काळ्या ढगांतून निघालेला प्रकाशझोत थेट राजाच्या मस्तकावर पडतो आणि त्यावर अंधारातून अधिक उजळ अशा अर्थाचे शब्द आहेत.

राजाचा चेहरा मार्शलने यथातथाच साधला आहे, पण त्याने काही बिघडले नाही. ज्या सत्तेने राजाला मृत्युदंड दिला तिला या एका पानाची धास्ती वाटावी इतका त्याचा परिणाम झाला. संसदेच्या बाजूने उत्तर लिहिण्याचे काम कवी जॉन मिल्टन याच्याकडे आले, आणि त्याच वर्षी छापलेल्या ‘आयकोनोक्लास्टिस’ मध्ये त्याने हे चित्र म्हणजे दरबारी नाटकातला देखावा आहे, भोळ्या बघ्यांना पकडण्यासाठी पुस्तकाच्या दारात मांडलेला, अशी त्याची टर उडवली. विरोधकानेही मजकुराआधी चित्रावर हल्ला चढवावा, यातच त्याची ताकद कळते.

चित्राखालचा लॅटिन मजकूर वाचता येत नसेल तर अर्थ हुकतो का?

बराचसा हुकतो. मात्र नेहमीच्या संज्ञा चार-सहाच आहेत. ‘पिंक्सिट’ च्या आधी मूळ चित्र रंगवणाऱ्याचे नाव असते, ‘डेलिनेआविट’ च्या आधी रेखाटन करणाऱ्याचे, ‘स्कल्प्सिट’ च्या आधी कोरणाऱ्याचे आणि ‘एक्सकुडिट’ च्या आधी प्रकाशकाचे. ‘आड व्हिवुम’ असे लिहिले असेल तर समोर बसलेल्या व्यक्तीवरून चित्र घेतल्याचा दावा आहे. ‘कुम प्रिव्हिलेगिओ’ ही राजाज्ञेने मिळालेल्या छपाईच्या हक्काची खूण होय. ‘एटाटिस’ नंतर वयाचा आकडा येतो.

या व्यावहारिक ओळींच्या पलीकडे पद्यपंक्ती असतात आणि त्यांत एक जुना वाद सतत डोकावतो, तो म्हणजे माणूस खरा कशात असतो, चेहऱ्यात की शब्दांत. बरोकच्या आधीच, १५२६ मध्ये, ड्यूररने इरॅस्मसचे चित्र कोरताना त्यात ग्रीकमध्ये लिहिले होते की याहून चांगली प्रतिमा त्याचे ग्रंथच दाखवतील. रेम्ब्रां याने १६४१ मध्ये कोर्नेलिस आन्स्लो या मेनोनाइट, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाच्या, धर्मोपदेशकाचे एचिंग केले, तेव्हा कवी योस्त फान डेन फोंडेल याने चार ओळी लिहिल्या : रेम्ब्रां, तू कोर्नेलिसचा आवाज रंगव, दिसते ते त्याचे सर्वांत थोडे आहे, ज्याला आन्स्लो पाहायचा आहे, त्याने त्याला ऐकले पाहिजे. त्या एचिंगमध्ये आन्स्लोच्या मागच्या भिंतीत एक रिकामा खिळा आहे आणि उतरवलेले चित्र खाली भिंतीकडे तोंड करून ठेवलेले दिसते. शब्द श्रेष्ठ, प्रतिमा दुय्यम, हा उपदेशकाच्या पंथाचा विचार चित्रकाराने एका खिळ्यावर टांगला आहे, आणि तोही प्रतिमेतूनच. माझ्या दृष्टीने संपूर्ण शतकातल्या कोरीव चित्रांत इतक्या कमी सामग्रीत इतके बोलणारे प्रतीक दुसरे नाही.

अक्षरांचा विनोदी उपयोगही झाला आहे, आणि त्यातही मार्शल व मिल्टन हीच जोडी आहे. १६४५ चा शिक्का असलेल्या मिल्टनच्या कवितासंग्रहासाठी मार्शलने कवीचे चित्र कोरले. लंबगोलाच्या चार कोपऱ्यांत चार कलादेवता बसवल्या, मागे पावा वाजवणारा मेंढपाळ दाखवला, म्हणजे प्रतीकांत काही उणे ठेवले नाही. पण चेहरा अगदीच बिघडला. मिल्टनने चित्राखाली कोरण्यासाठी ग्रीक पद्य दिले. त्यात म्हटले होते की हे कोरणाऱ्या हाताचे अडाणीपण मूळ चेहरा पाहताच ध्यानात येईल, तेव्हा मित्रांनो, या चित्रकाराला हसा. मार्शलला ग्रीक येत नसावे. त्याने ते इमानेइतबारे कोरून दिले.

जवळपास प्रत्येक चित्रात दिसणाऱ्या लंबगोल चौकटीला काही अर्थ आहे का?

तिचा वंश रोमन नाण्यांपर्यंत, पदकांपर्यंत आणि थडग्यांवरील अर्धपुतळ्यांपर्यंत पोचतो. लंबगोलात बसवलेला माणूस स्मरणात ठेवण्यायोग्य आहे, एवढे ती चौकट आधीच सांगून टाकते. बहुतेक कोरणारे ती दगडात घडवल्यासारखी छायांकित करीत आणि खाली दगडी पट्टी दाखवून तिच्यावर नाव कोरत. कागदावर छापलेली गोष्ट शिलालेखाचा टिकाऊपणा उसना घेई.

हा संकेत सर्वांच्या परिचयाचा होता, म्हणूनच तो मोडण्याला अर्थ आला. यान कोर्नेलिस सिल्व्हियस हे ॲमस्टरडॅममधील धर्मोपदेशक रेम्ब्रांच्या पत्नीच्या, सास्कियाच्या, नात्यातले होते. ते १६३८ मध्ये वारले आणि रेम्ब्रांने त्यांचे प्रसिद्ध एचिंग केले १६४६ मध्ये. लंबगोल चौकट, तिच्या कडेने फिरणारी अक्षरे, खाली लॅटिन पद्य, अशी सर्व मांडणी स्मारकचित्राची आहे. पण सिल्व्हियस बोलता बोलता पुढे झुकले आहेत, त्यांचा हात चौकट ओलांडून बाहेर आला आहे, आणि त्या हाताची सावली चौकटीच्या दगडावर पडली आहे. सावली पडण्यासाठी जिवंत शरीर लागते. आठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल हे सांगायला कवटी, पंख, मशाली यांतले काहीही वापरलेले नाही. दोन-चार बोटांची काळी छाया पुरली आहे.

कवटी, वाळूचे घड्याळ, साबणाचे बुडबुडे यांचा अर्थ नेहमी मृत्यूच असतो का?

बहुतेक वेळा होय. हार्लेमच्या हेंड्रिक गोल्त्सियस याने १५९४ मध्ये कवटीला टेकून बुडबुडे उडवणारा मुलगा कोरला आणि खाली, यातून कोण सुटेल, असा प्रश्न लिहिला. तो प्रतिमासमूह पुढे व्यक्तिचित्रांतही शिरला. पण वैद्याच्या किंवा शरीरशास्त्रज्ञाच्या हाताजवळची कवटी मुळात त्याच्या धंद्याची खूण असते, आणि धर्मचिंतनाचा अर्थ तिला नंतर चिकटतो. व्यवसाय कळल्याशिवाय कवटीविषयी बोलू नये.

कलावंतांच्या चित्रांत कुंचला व हत्यारे का दिसत नाहीत?

याचे उत्तर अँथनी व्हॅन डाइकच्या ‘इकोनोग्राफी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या मालिकेत सापडते. १६३० च्या दशकात अँटवर्पमध्ये त्याने आपल्या काळातील नामवंतांची चित्रे छापायला घेतली. काही पत्रे त्याने स्वतः एचिंगने केले, पण बहुतांश काम लुकास फोर्स्टरमान, पाउलुस पोंटियस यांसारख्या कोरणाऱ्यांनी त्याच्या रेखाटनांवरून केले. राजेरजवाडे व सेनापती, मुत्सद्दी व विद्वान, आणि चित्रकार व कलासंग्राहक असे तिचे ढोबळ तीन गट पडतात. सेनापतींना चिलखत आणि अधिकारदंड, विद्वानांना पुस्तक, हे अपेक्षितच आहे. चित्रकारांच्या हाती मात्र बहुधा काहीच नाही. खांद्यावरून ओढून घेतलेला झगा, छातीवर किंवा कमरेवर सहज टेकलेला हात आणि बाजूला वळलेली नजर, एवढेच.

ही अनुपस्थिती हेतुपूर्वक आहे. हाताने काम करणारा कारागीर आणि बुद्धीने काम करणारा सद्गृहस्थ यांच्यात त्या समाजाने मोठी भिंत उभी केली होती. कुंचला दाखवणे म्हणजे स्वतःला भिंतीच्या अलीकडे ठेवणे झाले असते. १६४५ मध्ये, व्हॅन डाइकच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, गिलिस हेंड्रिक्स या प्रकाशकाने शंभर पत्र्यांचा संग्रह काढला. त्याच्या मुखपृष्ठासाठी व्हॅन डाइकने स्वतः एच केलेले मोकळ्या पत्र्यावरचे आपले मस्तक घेऊन, याकोब नेफ्स याने त्याखाली अर्धपुतळा व चौथरा कोरून जोडला. क्षणभर वळून पाहणारा माणूस संगमरवरी स्मारक झाला. त्या पत्र्याची आधीची, नुसत्या मस्तकाची अवस्थाही उपलब्ध आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

स्त्रियांच्या चित्रांत प्रतीके वेगळी असत का?

राण्यांना देवतांची रूपे मिळत. स्वीडनच्या क्रिस्टिना राणीला मिनर्व्हा या ज्ञानदेवतेच्या वेषात, शिरस्त्राण व घुबडासह दाखवणारे येरेमियास फाल्क याचे चित्र प्रसिद्ध आहे. सरदार घराण्यांतील स्त्रियांना बहुधा मोती, पंखा, फूल एवढ्यावर भागवावे लागे.

उट्रेख्टची विदुषी आना मारिया फान स्खुर्मान हिने हा प्रश्न स्वतःच्या हाताने सोडवला. तिने १६३३ मध्ये कोरलेल्या आत्मचित्रात तिचे हात दिसतच नाहीत, कारण त्यांच्यापुढे मजकुराची मोठी पाटी आली आहे. त्यात ती म्हणते की रूपाच्या गर्वाने आपण तांब्यात स्वतःला कोरले नाही, तर पहिल्याच प्रयत्नात याहून मोठा विषय हाती घेण्याचे धाडस झाले नाही म्हणून. नम्रतेची ही सगळी भाषा लॅटिनमध्ये आहे, हे विसरू नये. विद्यापीठाची भाषा येणाऱ्या बाईला त्या पाटीखेरीज दुसऱ्या कुठल्याही प्रतीकाची गरज उरत नाही.

फ्रेंच व्यक्तिचित्रे इतकी साधी का दिसतात?

रॉबेर नांतय याची चित्रे पाहिल्यावर हा प्रश्न हमखास पडतो. १६२३ मध्ये रँस येथे जन्मलेल्या या कोरणाऱ्याने दोनशेंहून अधिक व्यक्तिचित्रे केली. त्यांत मंत्री, धर्माधिकारी, न्यायाधीश आणि खुद्द चौदावा लुई आहे. सपाट पार्श्वभूमी, दगडी लंबगोल, छातीपर्यंतची आकृती आणि खाली मधोमध कुलचिन्ह, बस्स. देवदूत नाहीत, कर्णे नाहीत, पायाखाली चिरडलेला पाखंड नाही. अँटवर्पमध्ये रूबेन्सने स्पेनचा मंत्री ओलिव्हारेस याच्या चित्राभोवती मिनर्व्हाच्या ढालीपासून हर्क्युलिसच्या गदेपर्यंत जी दाटी केली आणि पोंटियसने ती कोरली, तिच्या शेजारी नांतय कोरडा वाटू शकतो.

पण सर्व भार कुलचिन्हावर आला आहे हे लक्षात घेतले की ती जागा बोलू लागते. कार्डिनल माझारँच्या ढालीवर रोमन दंडाधिकाऱ्यांच्या काठ्यांची मोळी व परशू आहे, म्हणजे इटलीतून आलेल्या मंत्र्याने प्राचीन रोमचा वारसा सांगितला आहे. अर्थमंत्री कोल्बेरच्या ढालीवर नागमोडी साप आहे, कारण लॅटिनमधला सापाचा शब्द त्याच्या आडनावाशी जुळतो. त्याचा प्रतिस्पर्धी फुके याच्या ढालीवर खार आहे. नांतयने फुकेचे चित्र १६६१ मध्ये कोरले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजाने त्याला अटक केली. वर चढणारी ती खार नंतर लोकांनी निराळ्याच नजरेने पाहिली असणार.

भिंग घेऊन ढालीकडे पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइटाने, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातील पाद्र्याने, १६३८ च्या आपल्या ग्रंथात कुलचिन्हांचे रंग रेषांनी दाखवण्याची जी पद्धत वापरली ती सर्वत्र रूढ झाली. उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. कोल्बेरचा साप सोनेरी जागेवर निळा आहे, म्हणून ठिपक्यांच्या मैदानावर आडव्या रेषांचा साप. काळ्या शाईत रंग छापण्याची ही युक्ती केवळ कोरणाऱ्यांच्या हातूनच घडू शकत होती.

साधेपणाला सामाजिक कारणही आहे. १६६० च्या सँ-झाँ-द-ल्यूझ येथील राजाज्ञेने फ्रान्समध्ये कोरणकलेला मुक्त कलेचा दर्जा मिळाला आणि ती कारागीरसंघांच्या बंधनातून सुटली. नांतय, किंवा एकाच अखंड चक्राकार रेषेतून ख्रिस्ताचा चेहरा काढणारा क्लोद मेलाँ (१६४९), यांना रेषा हेच आपले वैभव वाटत होते. केसांची लड, लेसची जाळी, ओठांजवळची मांसलता ब्युरिनने साधून दाखवली की आसपास देवता उभ्या करण्याची निकड राहत नाही.

शतक संपताना गंगा पुन्हा उलटी वाहिली. इयासांत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेल्या चौदाव्या लुईच्या चित्रात राजमुद्रांची सगळी मालिका परत आली : लिलीच्या फुलांचा झगा, उशीवर मुकुट, शार्लमेनची म्हणून मानली गेलेली तलवार, हातात उलटा धरलेला राजदंड. पिएर द्रव्हे याने ते चित्र तांब्यात उतरवले तेव्हा साटीन, मखमल आणि एर्मिन या प्राण्याची लव यांतला फरक रेषेच्या नुसत्या वळणावरून कळतो, आणि प्रतीकांइतकेच हे वस्त्रही राजाच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून वाचले जाते.

एकाच पत्र्यावर दुसऱ्याचा चेहरा कोरला जाई, हे खरे का?

खरे आहे. पत्रा महाग, मेहनत त्याहून महाग. खरवडून, मागून ठोकून आणि घोटून तेवढाच भाग सपाट करता येई. पिएर लोंबार याने व्हॅन डाइकच्या रचनेवरून कोरलेल्या एका अश्वारूढ चित्राच्या वेगवेगळ्या अवस्थांत स्वाराच्या धडावर कधी क्रॉमवेलचे डोके आहे, कधी चार्ल्सचे, आणि एका अवस्थेत डोकेच नाही. राजा आणि राजाला मारणारा यांना एकच घोडा, एकच चिलखत चालले. प्रतीके व्यक्तीची नसून पदाची असतात, याचा यापेक्षा निर्दय पुरावा मिळणे कठीण.

तलवार उजव्या कमरेला का दिसते?

छापताना चित्र आरशासारखे उलटते. दक्ष कोरणारा रेखाटन उलटे करून घेई. घाईतला घेत नसे. डाव्या-उजव्यावरून गूढ अर्थ काढण्यापूर्वी हे तपासावे.

या परंपरेचा भारताशी, विशेषतः गोवा व महाराष्ट्राशी, काही संबंध आला का?

आला, आणि तो गोव्याच्या वाटेने आला. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचले आणि त्यांनी अँटवर्पच्या प्लांताँ छापखान्याचे बहुभाषी बायबल बादशहाला नजर केले. त्याच्या कोरीव मुखपृष्ठांपैकी एकावर सिंह, लांडगा, बैल आणि कोकरू एकत्र आहेत. पुढे येत राहिलेल्या अशा छापील चित्रांतून मुघल चित्रकारांनी पृथ्वीचा गोल, पंखवाली बालके, वाळूचे घड्याळ उचलले आणि जहांगीरच्या रूपकात्मक व्यक्तिचित्रांत बसवले.

यांपैकी एक चित्र मराठी वाचकाला थेट भिडते. अबुल हसन याने सुमारे १६१६ मध्ये केलेले आणि आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात असलेले हे चित्र निजामशाहीचा वजीर, खडकी म्हणजेच नंतरचे औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर याच्याविषयी आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. वरून युरोपीय पद्धतीची बालके त्याला शस्त्रे पुरवीत आहेत, गोलावर हिंस्र व गरीब प्राणी एकत्र नांदत आहेत, आणि अंबरच्या मस्तकावर घुबड बसले आहे. प्रत्यक्षात जहांगीरला मलिक अंबर कधीच हाती लागला नाही. तो १६२६ मध्ये आपल्या मरणाने गेला. म्हणजे रणांगणात न साधलेले काम प्रतीकांकडून करून घेतले आहे. घुबडाकडे पुन्हा एकदा पाहावे : क्रिस्टिना राणीजवळ ते ज्ञानाचे, आणि इथे, आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे, अवकळेचे. रीपाचा कोश दख्खनच्या वेशीवरच थांबतो.

उलट दिशेनेही प्रवास झाला. डच धर्मोपदेशक फ्रान्स्वा फालेंटाइन याच्या पूर्वेकडील देशांवरील ग्रंथात (१७२४–२६) भारतीय लघुचित्रांवरून कोरलेली मुघल व दख्खनी राजपुरुषांची चित्रे आहेत आणि त्यांत शिवछत्रपतीही आहेत. डच साधनांतील महाराजांचे चित्र मराठी वाचकांपुढे आणण्याचे श्रेय इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना दिले जाते. दख्खनी व्यक्तिचित्राची स्वतःची चिन्हे होती : एका बाजूने दिसणारा चेहरा, पगडीवरील तुरा, हाती फूल किंवा शस्त्र. ती तांब्यावर उतरवणाऱ्या डच कारागिराला त्या चिन्हांचा अर्थ कितपत कळत होता, हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रे पाहताना काय तपासावे?

ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी आपल्या संग्रहांतील असंख्य कोरीव चित्रे मोठ्या आकारात पाहण्यासाठी खुली ठेवली आहेत. आधी कागदाच्या चारही कडा पाहाव्यात. पत्र्याच्या दाबाने उमटलेली खळगी पूर्ण दिसत असेल तर छाप अखंड आहे. ती नसेल तर कोणीतरी कात्री चालवलेली आहे. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर याचा इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास निघाल्यावर त्यातल्या नावांना जुळणारी चित्रे गोळा करून पुस्तकात चिकटवण्याचा छंद तिथे इतका बोकाळला की जुन्या ग्रंथांतून मुखचित्रे सर्रास कापली गेली. कापताना बहुधा खालची पट्टीच जाई, म्हणजे नाव, पद्य, कोरणाऱ्याची सही. चार्ल्सच्या मुखचित्रासोबत मुळात लॅटिन व इंग्रजी पद्यांत प्रतीकांचे स्पष्टीकरण दिलेले होते. सुट्या छापांना ते अनेकदा नसते. तेव्हा एकच प्रत पाहून न थांबता त्याच पत्र्याच्या इतर प्रती व आधीच्या-नंतरच्या अवस्था शोधाव्यात, मजकूर शाबूत असलेली प्रत आधी वाचावी, मग चौकट, मग हात आणि वस्तू, आणि चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी यावे.